सपनाच्या मेंदूचा फोटो

माझी नणंद सपना पुण्यात मेंदूचा अभ्यास करते, एवढं आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. कोणाचा मेंदू, यावर मात्र एकमत नाही. कोणी म्हणतं माकडाचा, कोणी म्हणतं येड्या माणसांचा. शेजारच्या रामधनकाकांना तर अजूनही वाटतं की ती जनावरांची डॉक्टर झाली, त्यांची म्हैस आटली की ते मला म्हणतात, "साक्षी, लाव बरं सपनाले फोन." खरं असं आहे की माणसाचा मेंदू आणि चिंपांझीसारख्या वानरांचा मेंदू एकाच जुन्या मुळापासून निघाले, मग इतके वेगळे कसे झाले, हे ती शोधते.

मी साक्षी, तिची वहिनी. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत जे झालं, ते मी तिच्यासोबत राहून पाहिलं. आता सांगताना हसू येतं. तेव्हा हसण्यासारखं काहीच नव्हतं.

आधी सपना कशी आहे ते सांगते.

मामाजी, म्हणजे माझे सासरे इंद्रभान पट्टेबहादूर, वीज मंडळात लाईनमन होते. त्यांचा दिवस खांबावर जायचा, म्हणून घरचं शेत, आमच्याकडे म्हणतात ते वावर, आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई लिलाबाईंच्या अंगावर. हरभऱ्याला दाणे भरून तो घाट्यावर आला की वानरांचे कळप उतरायचे. शाळा सुटली की डबडं वाजवून त्यांना हाकलायचं काम सपनाचं. एकदा आत्याबाई पाणी घेऊन गेल्या, तर पोरगी धुऱ्याच्या बांधावर मांडी घालून बसलेली, डबडं बाजूला पडलेलं आणि वानरं आरामात घाटे खात होती.

"काय वं, हाकलून काहून नाई राह्यली?"

"आई, हळू बोल ना. ते पिलू पाह्य, मायच्या हाताकडे पाहू पाहू शिकून राह्यलं."

त्या वर्षी हरभरा अर्धाच घरी आला. आत्याबाई ही गोष्ट अजून रागाने सांगायला सुरुवात करतात आणि शेवटी कौतुकावर येतात.

सातवीत असताना राजपाल सरांनी फळ्यावर रांग काढली. आधी वाकलेलं माकड, मग जरा उभं, मग आणखी उभं, शेवटी माणूस. सपना उठून म्हणाली, "सर, माकडाचा माणूस झाला, त मंग आमच्या वावरातले वानेर काहून राह्यले तसेच?" सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "मले नाई माहीत. पाहून सांगतो." आणि ते खरंच पाहून आले. पुढच्या आठवड्यात त्यांनी रांगेच्या जागी झाड काढलं. एका फांदीवर माणूस, तिला अगदी लागून असलेल्या फांदीवर चिंपांझी, आणि आपलं वावरातलं वानेर पार खालून फुटलेल्या वेगळ्याच फांदीवर. आजचं कोणी आजच्या कोणापासून झालं नाही, सगळ्यांचं खोड एक. सपना म्हणते, तिचा सगळा अभ्यास त्या तासाला सुरू झाला. मी स्वतः मास्तरीण आहे, म्हणून मला राजपाल सरांच्या त्या "मले नाई माहीत"चं फार अप्रूप वाटतं.

पुढे वाशीमला बी.एस्सी., अमरावतीला एम.एस्सी. आणि मग पुण्याच्या एका संस्थेत पीएच.डी. सुट्टीत आली की चुलीजवळ बसून ती आम्हाला सांगायची. मेंदूला घड्या असतात. कवटी म्हणजे लोखंडी पेटी समजा आणि मेंदू म्हणजे गोधडी. मोठी गोधडी लहान पेटीत कोंबली की घड्या पडणारच. दोन सख्ख्या चिंपांझी भावंडांच्या मेंदूतल्या मोठ्या घड्या बऱ्याच सारख्या निघतात. माणसांत तसं नाही. एकाच आईच्या दोन लेकरांच्या घड्या पुष्कळ वेगळ्या निघतात.

"काहून?" आत्याबाईंनी विचारलं होतं.

"कारण माणसाचं लेकरू लय कच्चं जन्मते, आई. मेंदूची बरीचशी वाढ बाहेर आल्यावर होते. अंगावर पाजून राह्यली, बोलून राह्यली, ते पडून राह्यलं, रडून राह्यलं, त्या सगळ्यात मेंदू घडते."

"म्हंजे मीच घडवला न तुहा मेंदू?"

"बराचसा."

"मंग इतकी हट्टी कशी झाली?" यावर मामाजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

चिंपांझींच्या मेंदूचे फोटो तिला परदेशातल्या एका संग्रहातून मिळाले होते. माणसांचे मात्र तिलाच काढायचे होते, आणि तेही सख्ख्या भावंडांच्या जोड्यांचे. जोड्या मिळता मिळत नव्हत्या. एक भाऊ तयार झाला की बहीण नाही म्हणायची. ऑक्टोबरमध्ये असंच झालं. एमआरआयची वेळ ठरलेली आणि ऐन वेळी आलेली जोडी माघारी फिरली. तेव्हा माझे मिस्टर संघदीप दुकानाच्या मालासाठी पुण्यात होते. सपनाने त्यांनाच गाठलं. "दादा, आलाच हायेस त झोप मशीनमध्ये. आपलीच जोडी करू." तिच्या मार्गदर्शक मॅडमनी परवानगी दिली. दोघं भाऊ-बहीण पाळीपाळीने त्या आवाजी मशीनमध्ये जाऊन आले. संघदीप रात्रीच्या गाडीने परत आले आणि चार लोकांना सांगत सुटले, "माहा मेंदू पुण्याले हाये आता, कॉम्प्युटरमध्ये."

दुसऱ्या दिवशी सपनाने फोटो उघडले. आधी दादाचा पाहिला. छान, नीट. मग स्वतःचा उघडला. डाव्या बाजूला, कानाच्या पुढे, जिथे मेंदूची करडी घडी दिसायला हवी होती, तिथे लिंबाएवढा काळा डाग होता.

हे तिने मला दिवाळीच्या सुट्टीत सांगितलं. ती पुण्याहून ट्रॅव्हल्सने सकाळी मालेगावला उतरली, तेव्हाच तिचा चेहरा उतरलेला होता. प्रवासाने असेल म्हणून मी सोडून दिलं. दुपारी आम्ही दोघी गच्चीवर वाळत टाकलेली ज्वारी गोळा करत होतो. ती एकदम थांबली.

"वहिनी, उद्या वाशीमले येशील का माह्यासंगं? कोणाले न सांगता?"

मग तिने मोबाईलवर फोटो दाखवला. मला काही कळेना. सोललेल्या अक्रोडासारखं काहीतरी आणि एका बाजूला काळं. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "हा माहा मेंदू हाये."

पुण्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं होतं की बहुतेक साधी पाण्याची पिशवी असावी, पण कडेला काहीतरी अस्पष्ट दिसतंय, तेव्हा शिरेतून औषध देऊन पुन्हा एमआरआय करा. तो 'बहुतेक' तिच्या डोक्यात रुतला होता. ती काही डॉक्टर नव्हती. मेंदूच्या घड्या तिला पाठ होत्या, पण आजारांचं तिला अर्धवटच माहीत होतं. आणि जे माहीत नव्हतं ते तिने रोज वाचून काढलं होतं, झोप लागेनाशी होईपर्यंत.

"पुण्यातच काहून नाई केलं?" मी विचारलं.

"जे निघंल ते एकटीनं आयकायची हिंमत नाई झाली." एवढं बोलून ती ज्वारी भरू लागली. मी तिच्या हातातून टोपलं घेतलं आणि येते म्हणाले.

सकाळी आम्ही निघालो तर आत्याबाई पिशवी घेऊन दारात उभ्या. "वाशीमले जाऊनच राह्यल्या त मीबी येतो. माह्या चष्म्याची काडी तुटली." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? एसटीत आत्याबाई मध्ये बसल्या आणि वाशीम येईपर्यंत गोमतीबाईंच्या, म्हणजे कारंज्याला दिलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीच्या तक्रारी सांगत राहिल्या. आम्ही दोघी हूं हूं करत होतो.

सपनाने त्यांना सांगितलं, "आई, आधी माहं एक काम हाये, मंग चष्मा." एमआरआय सेंटरच्या बाकावर आत्याबाई खुशाल बसल्या. पाटी वाचून त्यांना वाटलं, पोरगी कामालाच आली आहे. शेजारी बसलेल्या बाईला सांगूही लागल्या, "माही पोरगी याच लाईनीत हाये. मेंदूचे फोटो काढते पुण्याले."

तेवढ्यात नर्स आली आणि तिने हाक मारली, "सपना पट्टेबहादूर! मेंदूचा एमआरआय, सुई द्यायची आहे. कानातलं, गळ्यातलं काढून ठेवा. फिट येते का कधी? उलट्या? डोकं दुखतं का? आधी कधी गाठ निघाली होती का?"

आत्याबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी सपनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांना कळलं.

वाटलं आता रडारड होणार. पण त्या उठल्या, सपनाजवळ गेल्या आणि तिच्या कानातले टॉप्स स्वतःच्या हाताने काढायला लागल्या. फिरकी घट्ट बसली होती. सपनाचे डोळे भरून आले होते.

"आई, मी सांगणार होतो..."

"मंग सांग. आता जा आंदर. मी अठीच हाये."

सपना आत गेली. दार बंद झालं. भिंतीपलीकडून मशीनचा ठक ठक आवाज यायला लागला. आत्याबाईंनी टॉप्स मुठीत धरले होते, दुसऱ्या हाताने माझं मनगट. मी हळूहळू त्यांना सगळं सांगितलं, लिंबाएवढ्या डागापासून त्या 'बहुतेक'पर्यंत. शेवटी फक्त म्हणाल्या, "तूबी लपवलं साक्षी माह्यापासून." त्या आवाजात राग नव्हता आणि म्हणूनच मला फार लागलं.

मशीन थांबलं. सपना बाहेर आली, हाताला कापसाचा बोळा लावलेला. आम्ही तिघी ओळीने बसून राहिलो. मग डॉक्टरांनी आत बोलावलं.

डॉक्टर सेवालाल राठोड मानोऱ्याकडचे. जाड चष्म्याचा, सावकाश बोलणारा माणूस. आत्याबाईंना पाहून त्यांनी आधी खुर्ची ओढून दिली. मग कॉम्प्युटर आमच्याकडे वळवून म्हणाले, "पहिले एक गोष्ट सांगतो, मग बाकीचं. ही कॅन्सरची गाठ नाही."

एक मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला. कोणाचा ते कळलं नाही, माझाच असेल.

"औषध गाठीत शिरलं असतं तर ही जागा चमकली असती," डॉक्टर पडद्यावर पेन फिरवत म्हणाले. "कुठंच चमकली नाही. आत पाणी आहे, सगळ्यांच्या मेंदूभोवती असतं तेच. आणि पुण्यात कडेला जे धूसर दिसलं, ती ही रक्ताची नळी. पिशवीच्या अंगावरून चालली आहे, बाकी काही नाही. ही पिशवी तुम्ही आईच्या पोटात होत्या तेव्हापासून आहे. असे लोक आपण समजतो त्याहून जास्त असतात. त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही."

"काढावी लागेल?" सपनाने विचारलं.

"कशाला? काही त्रास नाही ना? वर्षाने एकदा पाहू, वाढली तर नाही ना म्हणून. डोक्याला मार लागू देऊ नका. गाडी चालवता? मग हेल्मेट."

आत्याबाई पुढे सरकल्या. "डाक्टर, म्हंजे तितका मेंदू कमी हाये काय हिचा?"

"कमी नाही, माय. जागा अडलेली होती म्हणून बाजूला सरकून वाढला. आहे सगळा."

सपना हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडताच तिने विचारलं, "सर, ही घडी वर ढकलली गेली, ती नेमकी कोणत्या महिन्यात सरकली असंल? पोटात असतानाच का जन्मल्यावर?" तेव्हा मला पक्कं कळलं, आपली सपना परत आली.

बाहेर आल्यावर ऊन एकदम मोकळं वाटलं. रस्त्यावर ऑटोवाल्यांची भांडणं चालली होती, तीही गोड वाटली. तेव्हा लक्षात आलं की आम्ही कोणीच सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही गरम आलूबोंडे मागवले. सपनाने एकामागून एक इतके खाल्ले की आत्याबाईंनी आपली प्लेटही तिच्यापुढे सरकवली. ती खाताना त्या तिच्या डाव्या कानशिलाकडे बघत होत्या. मग हात पुढे करून त्यांनी तिथले केस मागे सारले आणि टॉप्स घालून दिले.

चष्म्याची काडी बसवून घेतली. परतीच्या एसटीत मात्र आत्याबाईंनी आम्हा दोघींना धारेवर धरलं. "दोघी शिकलेल्या, अन् अक्कल काय कामाची? माय काय मरून जाणार होती आयकून? ज्याचं पोट दुखते त्यानं ओवा मागायचा का कोपऱ्यात बसायचं?" मालेगाव येईपर्यंत बोलणं चाललं. सपना खिडकीला टेकून गाढ झोपली होती, त्यामुळे सगळं मलाच ऐकावं लागलं. मी आनंदाने ऐकलं.

संध्याकाळी मामाजींना सांगितलं. ते अंगणात खाटेवर बसून होते. सपनाने मोबाईलवरचा फोटो दाखवून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"म्हंजे लाईन वळवून नेली," ते शेवटी म्हणाले. "आमीबी तेच करत होतो. मधात झाड आलं, कोणाचं घर आलं, त तार फिरवून न्यायची. गावात लाईट त पोचतेच."

"हाव बाबा, अगदी तेच. माणसाच्या मेंदूत अशी वळवायची सोय लय हाये. चिंपांझीत जन्माच्या आधीच बरंचसं ठरून जाते, असं दिसते. त्याईच्यात इतकं वळवणं जमलं असतं का नाई, ते कोणालेच अजून नीट सांगता नाई येत."

"मंग बरं झालं आपण इकडच्या फांदीवर निघालो," मामाजी म्हणाले. सगळे हसले. ते स्वतः मात्र उठून गोठ्याकडे गेले आणि तिथे बराच वेळ गाईच्या अंगावरून हात फिरवत उभे राहिले. संघदीप त्यांना बोलवायला निघाले, तर आत्याबाईंनी खुणेनेच थांबवलं.

सुट्टी संपली. सपना पुण्याला गेली आणि तिथून तिचा पहिलाच फोन संघदीपना आला. अभ्यासात ज्यांच्या मेंदूत काही वेगळं निघतं त्यांचे फोटो घेता येत नाहीत, असा नियम. तेव्हा सपनाचा मेंदू सपनाच्याच अभ्यासातून बाद. आणि अभ्यास जोड्यांचा, म्हणून दादाही बाद.

"म्हंजे माहा मेंदू चांगला असून मी नापास?" संघदीप फोनवर ओरडले. गावभर सांगून बसले होते, आता काय करायचं? पलीकडून सपना खो खो हसत होती. कितीतरी दिवसांनी तिचं असं हसणं ऐकलं.

जोडी तर हवीच होती. आत्याबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी अन् गोमती नाई का चालत? सख्ख्याच त हाओ."

सपनाला वाटलं आई मस्करी करते. पण वयाची अट नव्हती, आणि मॅडमही तयार झाल्या. आत्याबाईंनी कारंज्याला फोन लावला. गोमतीबाई आधी घाबरल्या, मग पुणं पाहायला मिळेल म्हणून तयार झाल्या, मग पुन्हा घाबरल्या. शेवटी जानेवारीत मी दोघींना घेऊन पुण्याला गेले. दोघींनी नवी पातळं नेसली होती आणि तिथे गेल्यावर ती बदलून दवाखान्यातले निळे झगे घालावे लागले, याचं दोघींनाही फार वाईट वाटलं.

आत्याबाई मशीनमध्ये शांत पडून राहिल्या. गोमतीबाईंनी मात्र दोनदा हात हलवून थांबवलं. एकदा नाक खाजलं म्हणून, आणि एकदा "आत किती मोठा आवाज हाये, हे सांगायचं होतं" म्हणून.

दुसऱ्या दिवशी सपनाने दोघींना खुर्च्यांवर बसवून पडद्यावर त्यांचे मेंदू शेजारी शेजारी लावून दाखवले. मी आधी सपनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिने दोन्ही फोटो आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून तपासून घेतले होते, तरी माझी धास्ती गेली नव्हती. ती मजेत होती.

"नाक-डोळे तुमचे दोघींचे एकसारखे," ती म्हणाली. "पण ह्या घड्या पाहा. आईची ही घडी सरळ जाते, मावशीची मधात तुटते. ही आईची लांब, मावशीची आखूड. एका घरात वाढल्या तरी."

गोमतीबाई पुढे वाकून निरखत राहिल्या. मग बहिणीला म्हणाल्या, "मी लहानपणापासून सांगत होतो न, तुहं डोकं येगळंच चालते?"

"तुहीच लाईन मधात तुटली हाये, गोमते. तूच पाह्य."

दोघींचं भांडण लिफ्टपर्यंत चाललं. सपना मागून चालत होती, एक हात आईच्या खांद्यावर आणि एक मावशीच्या. खाली उतरल्यावर तिने विचारलं, काय खायचं. दोघी पहिल्यांदा एका सुरात म्हणाल्या, "आधी च्या."